परक्यांची हाडं धुणारी वेलिका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्रीस देशाच्या उत्तरेला, जिथं देश संपतो आणि डोंगर मात्र संपत नाही, तिथं वाथिरेमा नावाचं एक लहानसं गाव आहे. त्या गावच्या वाटेनं एका दुपारी वेलिका चालत आली. पाठीवर पोतडी होती, आणि काखेत मातीचा बुधला. बुधल्यात गडद लाल वाईन होती, आणि ती सांडू नये म्हणून वेलिका खेचरावर न बसता सगळा डोंगर पायी चढली होती, असं म्हणतात.

तिला वाटलं होतं, वेशीवरच्या झऱ्यापाशी नेदामावशी उभी असेल. धाकटा भाऊ नाउम आता केवढा झाला असेल, तो धावत येऊन पोतडी हिसकावून घेईल. बाया उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन जमतील, त्यात डाळिंबाचे दाणे पेरलेले असतील, आणि सगळे मिळून तिला आईकडे घेऊन जातील.

आई मरून बरीच वर्षं झाली होती. पण तिचं एक काम राहिलं होतं.

आपल्याकडे अस्थी नदीत सोडल्या की माणूस मोकळा होतो. तिकडं तसं नाही. तिकडं माणसाला पुरतात, तीन वर्षं उलटली की माती उकरतात, हाडं बाहेर काढतात, वाईननं धुतात आणि देवळामागच्या अस्थिघरात नेऊन ठेवतात. तोवर मेलेल्याचा प्रवास संपत नाही. आणि वाथिरेमात आईची हाडं थोरल्या लेकीनंच धुवायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. वेलिका तेव्हा दूर बंदराच्या शहरात मास्तरीण व्हायला शिकत होती. मधे लढाया झाल्या, रस्ते बंद पडले, आणि कोण कुठं गेलं हे सांगायलाही कोणी येईना. आई मातीत लेकीची वाट बघत राहिली.

वेलिका वेशीवर आली तर झऱ्यापाशी बाया होत्या, पण एकही चेहरा ओळखीचा नव्हता. दारांवरचा निळा रंग गेला होता, तिथं पिवळा आला होता. धुराड्यांतून धूर येत होता, पण त्या धुराला वास मासळीचा होता, आणि तिच्या गावात कोणी मासळी खात नसे. एक कुत्रं भुंकत तिच्यामागून आलं. तिच्या लहानपणी ज्या घरातून ती निघाली होती, त्या घराचं दार तिनं वाजवलं.

दार उघडलं एका म्हातारीनं. काळी ओढणी, कंबरेला पीठ लागलेला ॲप्रन, आणि डोळे असे की समोरच्याची झडती घ्यावी. तिचं नाव पार्थेना. गावात तिला किरा पार्थेना म्हणत. किरा म्हणजे तिकडची काकू.

"कोणाची गं तू?" म्हातारीनं विचारलं.

"या घरातली," वेलिका म्हणाली.

"या घरातली मी आहे." म्हातारीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पण ये. समुद्रापलीकडे माझंही एक घर आहे. तिथं आत्ता कोणीतरी माझ्याच कढईत कांदा परतत असेल. त्यांच्या दारात मी उभी राहिले असते, तर त्यांनी मला पाणी दिलं असतं की नाही, देव जाणे. ये, बस."

मग पार्थेनानं तिला सांगितलं. सरकारांनी ठरवलं होतं, ज्यांची घरातली भाषा डोंगरापलीकडची त्यांनी डोंगरापलीकडं जावं. आणि समुद्रापलीकडं जे ग्रीक होते, त्यांनी तिकडची गावं सोडून इकडं यावं. वेलिकाचे लोक गाड्यांत बसून खिंड चढून गेले. पार्थेनाचे लोक बोटींतून उतरून आले. एक हिवाळा दोन्हीकडची माणसं एकाच घरात राहिली होती, मधे एक घोंगडी टांगून.

"तुझा भाऊ त्या बाजूला झोपायचा," पार्थेना म्हणाली. "खोकायचा पोरगा. मी त्याला मध चाटवायची. जाताना म्हणाला, माझी बहीण येईल, तिला आईकडे घेऊन जा. नेदाबरोबर गेला. पलीकडं सुखरूप आहे म्हणतात."

"मग चला," वेलिका उठत म्हणाली.

पार्थेना उठली नाही. तिनं ॲप्रनवरचं पीठ झटकलं, पुन्हा पुन्हा झटकलं.

वेलिका एकटीच गेली. देवळामागं, भिंतीच्या कोपऱ्यात, बिहीच्या झाडाखाली आईची जागा होती. झाड होतं. खाली एक लहानसा क्रूस होता, मुलांचा असतो तेवढा. त्यावर लिहिलं होतं, सोफिया. बाकीच्या जुन्या कबरी कुठंच नव्हत्या. अस्थिघराचं दार उघडं होतं आणि आत एकही हाड नव्हतं.

पार्थेना मागून आली होती.

"माझी नात," ती म्हणाली. "तुझे लोक गेले, त्याच सालच्या शरदात गेली. इथल्या दलदलीचा ताप आम्हाला सोसला नाही. रोज एक पोर जायचं. जागा कुठून आणायची? जुन्या कबरी उघडल्या. तुझ्या आईची माती मऊ होती."

"आणि आई?"

पार्थेनानं भिंतीपलीकडं हात केला.

भिंतीपलीकडं ओढ्याची घळ होती, आणि ओढ्यापलीकडं चुना फासलेले सरहद्दीचे दगड. घळीत हाडांचा ढीग पडला होता. वाथिरेमाचे सगळे मेलेले एकत्र. कवट्या, बरगड्या, मांड्या, एकावर एक. आणि सगळी हाडं काळी होती. कोळशासारखी काळी.

आता ऐका, हे असं का झालं. पार्थेनाचे लोक समुद्रकाठचे. त्यांच्या गावची दफनभूमी वाळूची. तिथं माती उकरली की हाडं शिंपल्यासारखी पांढरी निघत, आणि ती पाहून माणसं म्हणत, भला माणूस होता, देवानं स्वीकारला. कधी एखादं हाड काळपट निघालं, तर म्हणत, याच्यावर कोणाचा तरी शाप आहे. पिढ्यान् पिढ्या त्यांनी हेच पाहिलं होतं. मग ते वाथिरेमात आले, पोरं मरू लागली, जुन्या कबरी उघडल्या, आणि जे निघालं ते काळं निघालं. एकूण एक काळं. अस्थिघरातलीही तशीच, काळपट. त्यांना वाटलं, कळलं. हे अख्खं गावच शापित होतं, आणि तोच शाप आपल्या पोरांना खातोय. म्हणून त्यांनी भिंतीवरून सगळं फेकलं.

वाथिरेमाची माती मुळातच काळी. दलदलीचं पाणी तिच्यात मुरतं आणि जे पुराल ते काळं करतं. जुन्या लोकांना ते ठाऊक होतं. ते हाडं धुऊन चाळीस दिवस उन्हात ठेवत, आणि मग जो रंग उरेल तो उरेल, त्याच्याकडं कोणी बघत नसे. पण जाताना हे कोणी कोणाला सांगितलं नाही. घोंगडीच्या दोन्ही बाजूंनी माणसं भाकरीबद्दल बोलली होती, सरपणाबद्दल बोलली होती. हाडांबद्दल कोण बोलतं?

वेलिका घळीतून थेट चौकातल्या कॉफीच्या दुकानात गेली. तिथं बायका जात नसत. ती आत शिरली आणि पुरुषांसमोर उभी राहून तिनं मातीची गोष्ट सांगितली, शाळेत शिकवल्यासारखी, स्पष्ट.

गावचा म्हातारा पुढारी थोमास ऐकून घेत होता. त्याची दोन नातवंडं तापानं गेली होती.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला, "तुमची भाषा शहरात जाऊन आमच्यासारखी झाली. म्हणून हाडंही आमच्यासारखी झाली का?"

कोणी हसलं. थोमास हसला नाही.

"उद्या शनिवार," तो म्हणाला. "मेलेल्यांचा शनिवार. आमच्यातली पहिली कबर उद्या उघडायची, पार्थेनाच्या नातीची. तीन वर्षं झाली. तेव्हा कळेल माती काळी करते की पाप काळं करतं. आणि परवा सकाळी खिंडीतून तुमच्यातल्या मागं राहिलेल्यांची शेवटची गाडी जाईल. मग सरहद्दीवर तारेचं कुंपण लावणार आहेत. तुमचे लोक तिकडं आहेत. तुम्ही जा. आमचं मन दुखवायला राहू नका."

त्या रात्री वेलिका आपल्याच घरात परक्याच्या अंथरुणावर झोपली. पार्थेनानं तिला मध दिला. तिनं तो घेतला.

शनिवारी सगळं गाव बिहीच्या झाडाखाली जमलं. एवढी माणसं आणि एवढी शांतता पुन्हा त्या गावात झाली नाही, असं म्हणतात. प्रत्येक आईच्या मनात एकच होतं. आज सोफिया कशी निघते, तसंच आपलं लेकरू निघेल. पांढरी निघाली, तर या जमिनीनं आपल्याला आपलं म्हटलं.

पार्थेना स्वतः खाली उतरली. तिनं हातांनी माती बाजूला केली. मग ती थांबली. ती पुष्कळ वेळ वर आलीच नाही, तेव्हा थोमास कडेला येऊन वाकला, आणि त्यानं टोपी काढली.

ओंजळीत मावेल एवढी कवटी होती. काळी होती.

बाया मागं सरकल्या. एकीनं आपल्या मुलाचे डोळे झाकले. कोणी कोणाकडं बघेना, कारण ज्यानं त्यानं आपापल्या लेकराच्या क्रूसाकडं बघितलं होतं.

"सात वर्षांची होती," पार्थेना खड्ड्यातून म्हणाली. "एकदा साखर चोरली होती. तेवढ्याला मी मारलंही होतं. मग हे कशाचं?"

तेव्हा वेलिकाला बोलता आलं असतं. सांगितलं नव्हतं का, असं ती म्हणू शकली असती. ती बोलली नाही. आणि जे थोमासनं समजून घ्यायचं, ते त्यालाही समजून घेता आलं नाही. कारण माती काळी करते हे मान्य केलं, तर त्या घळीत त्यांनी काय केलं होतं, हेही मान्य करावं लागलं असतं. माणसाला दुःख सोसतं, एवढी चूक सोसत नाही.

"नियम सगळ्यांना एकच," थोमास अखेर म्हणाला. "उद्या सकाळी भिंतीपलीकडं. नाहीतर उरलेली पोरंही जातील."

पार्थेनानं नातीला ॲप्रनमध्ये घेतलं. संध्याकाळ होईतो ती उंबऱ्यावर बसून होती. शेजारणी समोरून गेल्या आणि एकही थांबली नाही. वेलिका तिच्याशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वेलिका पोतडी रिकामी करून घळीत उतरली. वर खिंडीत गाडी जुंपलेली दिसत होती. तिनं ठरवलं होतं, आईला घ्यायचं आणि जायचं. पलीकडं नाउम आहे. ओढ्याच्या पाण्यात धुवायचं, पोतडीत भरायचं, आणि पुन्हा या गावाकडं वळूनही बघायचं नाही.

पण कुठली आई?

तिनं एक कवटी उचलली. ती हातात घेऊन बघत राहिली. मग दुसरी. ज्या कपाळाचे मुके घेतले होते, ते आता ओळखू येत नव्हतं. हे उचललं आणि ते आईचं नसलं, तर आई इथंच राहणार, आणि ती परक्या कोणाला घेऊन भावाकडं जाणार. ते उचललं, तरी तेच. आईला न्यायचं तर सगळ्यांना न्यायला हवं होतं, आणि पोतडी एक होती.

वर घंटा वाजली. गाडीवाला हाका मारत होता.

तेवढ्यात भिंतीवरून दगड घरंगळले. पार्थेना उतरत होती, एका हातानं ॲप्रनची ओटी धरून. ती ढिगापाशी आली, खाली बसली, आणि तिनं सोफियाची हाडं एकेक करून त्या काळ्या हाडांवर ठेवली. फेकली नाहीत. अंथरुणात ठेवतात तशी ठेवली.

"घे," ती वेलिकाला म्हणाली. "आता माझीही तुमच्यांत."

आणि ती तोंड फिरवून जाऊ लागली, कारण शापित म्हणून टाकलेल्या हाडांना घरच्यांनी पुन्हा हात लावायचा नाही, असा तिच्या लोकांचा नियम होता.

वेलिकानं खिंडीकडं पाहिलं. गाडी हलली होती. पळत गेली असती, तर पोचली असती. हे सगळे सांगतात. वेळ होता, असंच सगळे सांगतात.

ती ओढ्यात उतरली. बुधल्याचं बूच तिनं दातांनी काढलं. आईसाठी आणलेली वाईन तिनं सोफियाच्या कपाळावर ओतली आणि बोटांनी धुऊ लागली, डोळ्यांच्या खाचा, हनुवटी, दुधाचे दात.

पार्थेना थांबली.

"तुमच्या नियमानं तुम्हाला हिला हात लावता येत नाही," वेलिका मान वर न करता म्हणाली. "आमच्या नियमानं माझ्या आईला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. पण मला माझी आई सापडत नाही. किरा पार्थेना, मी तुमची धुते. तुम्ही माझी धुवा. हाताला येईल ते उचला. त्यात कुठंतरी ती असेल."

पार्थेना परत आली. गुडघे मोडून पाण्यात बसली. तिनं एक काळी कवटी मांडीवर घेतली.

"नाव काय होतं हिचं?" तिनं विचारलं.

"स्टोयना."

"स्टोयना," पार्थेना म्हणाली, आणि धुऊ लागली. पहिल्या कवटीला ती स्टोयना म्हणाली. दुसरीलाही स्टोयना म्हणाली. ढीग संपेपर्यंत प्रत्येकाला ती स्टोयनाच म्हणत राहिली.

खिंडीतली गाडी दिसेनाशी झाली. आठवड्याभरात सरहद्दीवर तारेचं कुंपण लागलं. वेलिका वाथिरेमात राहिली ती कायमची. नाउम एकदा तारेपलीकडं येऊन उभा राहिला होता, असं कोणी म्हणतं. कोणी म्हणतं, तो कधीच आला नाही, ती नुसती वेलिकाची आशा होती. मला वाटतं, दुसरं खरं असावं.

त्या बुधल्यातली वाईन सगळा ढीग धुऊन झाला तरी संपली नाही, असं म्हणतात. ओढा लाल झाला, तो दोन्ही देशांतून लाल वाहत गेला, आणि दोन्हीकडच्या शिपायांनी बंदुका खाली ठेवून टोप्या काढल्या, असंही म्हणतात. धुतलेली हाडं दोघींनी खडकावर उन्हात मांडली. चाळीस दिवस त्या खडकावर पाऊस पडला नाही, आजूबाजूला पडला. चाळिसाव्या दिवशी थोमास घळीत उतरला. मग त्यानं बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "यातलं मी काय उचलू?" त्या दिवशी हाडं पांढरी झाली, असं म्हणतात. दुसरे म्हणतात, झाली नाहीत, जरा उजळली एवढंच.

ताप मात्र थांबला नाही. आणखी पुष्कळ पोरं गेली, आणि वेलिकानं त्यांना शाळेत शिकवलं होतं, म्हणून तिनंच त्यांना धुतलं. मग पुन्हा लढाई झाली, भावाभावांची, आणि पार्थेनाच्या लोकांतले निम्मे गेले. रिकाम्या घरांत डोंगरातले मेंढपाळ येऊन राहिले, त्यांची भाषा आणखी वेगळी. मग मेंढपाळांची मुलं परदेशी कारखान्यांत कामाला गेली आणि घरं पुन्हा रिकामी झाली. गाव दर वेळी बदललं. वेलिका बदलली नाही. नवा माणूस वेशीवर आला की ती झऱ्यापाशी उभी असायची, आणि पाणी द्यायच्या आधी त्याला या मातीची गोष्ट सांगायची.

ती मेली तेव्हा तिचं म्हणून कोणी नव्हतं. तीन वर्षांनी तिला बाहेर काढायला सगळं गाव जमलं. धुवायला कोणी पुढं व्हायचं, यावरून भांडण लागलं, असं म्हणतात. तिची हाडं काळी निघाली. पाप्याची निघावीत तशी, कोळशासारखी काळी. आणि कोणी एक शब्द बोललं नाही. बुधला पुढं आला, आणि ज्यांना तिचं नावही नीट उच्चारता येत नसे, त्या माणसांनी तिला धुतलं.

आजही वाथिरेमात आपल्या माणसाची हाडं आपण धुवत नाही. शेजारी धुतो, आणि शेजाऱ्याची आपण धुतो. आता सरहद्दीच्या ओढ्यात कधी कधी लांबच्या देशांतून चालत आलेली माणसं सापडतात, पुरात वाहून गेलेली. त्यांची नावं कळत नाहीत, देव कुठला तेही कळत नाही. गाव त्यांना बिहीच्या झाडाखाली पुरतं, त्यांचा देव जिकडं असेल तिकडं तोंड असावं म्हणून म्हाताऱ्या आपापसांत वाद घालतात. गाव त्यांना तीन वर्षांनी उठवत नाही. कोणास ठाऊक, त्यांच्याकडं तसं चालतं की नाही. पण मेलेल्यांच्या शनिवारी त्यांच्या मातीवर वाईनऐवजी साधं पाणी शिंपतात. जी बाई गावात सगळ्यांत नवी आली असेल तिला पुढं करतात, तिच्या हातात तांब्या देतात, आणि विचारतात, तुझ्या आईचं नाव काय. ती जे नाव सांगते, त्या नावानं त्या दिवशी तिथल्या प्रत्येक निनावी कबरीला हाक मारतात.